कृती झाली, मुलं खूश; पण दुसऱ्या दिवशी काय उरतं?

कंपासपेटी

नमस्कार. सातवी-आठवीला विज्ञान आणि गणित दोन्ही शिकवते. वर्गात पन्नासच्या आसपास मुलं, वेगळी प्रयोगशाळा नाही, तास पस्तीस मिनिटांचा. त्यातलीही पाच मिनिटं बाकं सरकवण्यात जातात. तरी मी कृती घेते. मुलांना आवडतात, "बाई, उद्या पण घ्या ना" असं म्हणत मागे लागतात. तक्रार ती नाहीच.

तक्रार अशी की दुसऱ्या दिवशी "काल काय कळलं?" म्हणून विचारलं की उत्तर येतं, "पेल्यात पाणी चढलं." का चढलं? कोणी बोलत नाही. बोललंच तर पुस्तकातलं वाक्य, जसंच्या तसं.

त्याहून खटकलं ते वर्तुळाचं. डब्यांची झाकणं आणि चिकटपट्टीची रिळं वाटली. परीघ दोऱ्याने मोजा, व्यास पट्टीने मोजा, भागा. सगळ्या गटांचं उत्तर ३.१४. एकाचंही ३.०९ नाही की ३.२ नाही! दोरा ताणला जातो, पट्टी नेमकी मधोमध बसत नाही, तरी सगळे बिनचूक. एका वहीत खाडाखोड दिसली म्हणून निरखून पाहिलं. व्यास ८.१, परीघ आधी २५.१ लिहिलेला, तो खोडून २५.४ केलेला. भागाकार जमावा म्हणून माप बदललं होतं.

शिवाय पाच जणांच्या गटात एक करतो, एक लिहितो आणि तिघं एकमेकांच्या पेन्सिली पळवतात. हाताशी असलेल्या वस्तूंत, एका तासात बसेल आणि मुलांना खरोखर विचार करायला लावेल असं काही कुणी वर्गात करून पाहिलंय का? नुसती कृतींची यादी नको, ती माझ्याकडे आहे. तास कसा चालवता ते सांगा.

---

लोलक

बाई, त्या खाडाखोडीवर रागावू नका. त्या मुलाला किंवा मुलीला तुमचा तास बरोबर कळला होता. उत्तर पुस्तकात छापलंय, बाईंना तेच हवंय, मग आपल्या दोऱ्यावर विश्वास ठेवून गुण कोण घालवेल? उत्तर आधीच ठाऊक असलेली गोष्ट मोजायला दिली की मुलं मोजत नाहीत, जुळवतात. मोठी माणसंही तेच करतात.

माझ्या वर्गात एक नियम होता. कृतीच्या आधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा, पेनने. गटाचा अंदाज नाही, स्वतःचा. चुकला तरी खोडायचा नाही आणि त्याचे गुणही कापायचे नाहीत. पण नियम पाळायचा तर कृतीही तशीच निवडायला हवी: बहुतेकांचा अंदाज चुकेल आणि बरोबर आकडा पुस्तकात कुठेच सापडणार नाही अशी.

उदाहरण म्हणून लोलकच घ्या (नाव उगाच घेतलेलं नाही). साहित्य म्हणजे शिवणाचा दोरा, लोखंडी नट, चिकटपट्टी आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ. लोकर किंवा रबरी दोरी नको, ताणली जाते. पहिला लोलक एक मीटरचा, सगळ्या वर्गासमोर. बाकाला टांगलात तर नट जमिनीला टेकेल, म्हणून दाराच्या चौकटीला किंवा खिडकीच्या गजाला लावा. लांबी मोजायची ती वरच्या टोकापासून नटाच्या मध्यापर्यंत. वीतभर बाजूला ओढून सोडा, ढकलू नका. ३० सेकंदांत पूर्ण झोके मोजा, म्हणजे जाऊन परत आला की एक. १५ येतात.

मोजताना एक गंमत होते, ती आधीच आवरा. नट हातातून सुटताच मुलं "एक" म्हणतात. तेव्हा झोका झालेलाच नसतो. सोडताना सगळ्यांनी "शून्य" म्हणायचं, परत आला की "एक". हे सांगितलं नाही तर प्रत्येक आकडा एकाने जास्त येतो आणि तुम्ही कारण दोऱ्यात शोधत बसता.

आता फळ्यावर १५ लिहा आणि विचारा: दोरा निम्मा केला, ५० सेंटिमीटर, तर ३० सेकंदांत किती झोके? पेन काढा, लिहा. बहुतेक वह्यांत ३० दिसेल. निम्मा दोरा, दुप्पट झोके, हिशेब सरळ. काही जण ७ किंवा ८ लिहितील, कारण दोरा कमी म्हणजे सगळंच कमी असं त्यांना वाटतं. मग गटांना दोरे द्या. येतात २१.

हा २१ फार कामाचा आकडा आहे. तो कुणाच्याच वहीत नसतो, जुळवायचा म्हटलं तरी कशाशी जुळवणार? मुलं न सांगता पुन्हा मोजतात. त्यांची भुणभुण सुरू झाली की पुढचा प्रश्न टाका: "बरं, ३० झोकेच हवे असतील तर दोरा किती हवा?" आता ज्याने त्याने दोरा आखूड करत शोधायचं. शोधणारे २५ सेंटिमीटरपाशी येऊन थांबतात. निम्म्याने भागत नाही, चौथाई करावा लागतो. पुढे ४५ झोक्यांसाठी किती? वर्ग शिकलेली पोरं नववा भाग, म्हणजे साधारण ११ सेंटिमीटर, मोजायच्या आधीच ओरडतात. सूत्र सांगू नका. वर्गमूळ, दोलनकाल वगैरे वरच्या इयत्तेत येईल, तेव्हा हा तास आठवेल.

वेळ उरला तर दुसरा नट लावा. वजन दुप्पट, झोके किती? अंदाज, पेन. येतात तेवढेच. फक्त दुसरा नट पहिल्याच्या खाली लोंबकळत बांधू नका, त्याने लांबी बदलते. दोन्ही एकाच गाठीत.

गटाचं म्हणाल तर पाचांना पाच कामं. एक सोडणारा, एक घड्याळवाला, एक लिहिणारा आणि दोन मोजणारे. दोघांनी मनात मोजायचं, ओठ हलता कामा नयेत. थांबल्यावर दोघांनी एकदम आकडा बोलायचा. जुळला नाही तर पुन्हा. पेन्सिली पळवायला कुणी मोकळा राहत नाही.

वर्तुळाची कृती टाकून देऊ नका, फक्त ३.१४ यायच्या कितीतरी आधी घ्या. भागाकार नकोच, आलेख काढा, आडवा व्यास, उभा परीघ. व्यास नीट मिळायला झाकण दोन खोक्यांच्या मध्ये घट्ट धरा आणि खोक्यांमधलं अंतर मोजा. ठिपके एका रेघेत येतात हे मुलांना स्वतः दिसू दे.

---

प्रयोगवेडा

माझा हुकमी एक्का म्हणजे मेणबत्ती. बशीत रंगीत पाणी, मधे जळती मेणबत्ती, वर काचेचा पेला पालथा. मेणबत्ती विझते आणि पाणी साधारण पाचव्या भागापर्यंत चढतं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, तो जळून संपला, त्याच्या जागी पाणी आलं. दहा मिनिटांत काम होतं आणि आकडाही जुळतो. बाईंनी बहुधा हीच घेतली असावी.

---

लोलक

प्रयोगवेडा, कृती झकास आहे, स्पष्टीकरण चुकीचं आहे. आणि आकडा जुळतो हीच तिची खोड. ३.१४ सारखंच झालं.

पुढच्या वेळी एवढंच करा. एक मेणबत्ती लावून पाणी कुठवर चढलं ती खूण करा. मग त्याच पेल्याखाली तीन मेणबत्त्या. त्याआधी वर्गाला विचारा, पाणी किती चढेल? पेला तोच, हवा तेवढीच, त्यातला ऑक्सिजनही तेवढाच. तुमचं कारण खरं असेल तर पाणी तेवढंच चढायला हवं. चढतं स्पष्ट जास्त.

दुसरं, पाणी नेमकं केव्हा चढतं ते बघायला सांगा. ऑक्सिजन जसजसा संपेल तसतसं हळूहळू चढायला हवं ना? तसं होत नाही. ज्योत असेपर्यंत फारसं काही घडत नाही. ती विझली की पाणी भराभर वर येतं. पेला टेकवताना कडेने बुडबुडे निघाले का, तेही बघा.

खरं कारण मुख्यतः उष्णतेचं. पेला ज्योतीवर येतो तेव्हा आतली हवा तापून फुगते आणि थोडी कडेने निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते, बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. तीन मेणबत्त्या जास्त हवा तापवतात, म्हणून पाणी जास्त. ऑक्सिजन वापरला जातो हे खरं, पण त्याची जागा रिकामी राहत नाही, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. वाफेचं पाणी होतं त्याचाही थोडा हातभार लागतो. आणि ऑक्सिजन संपून मेणबत्ती विझते हेही खरं नाही. आत साधारण १६ टक्के शिल्लक असतानाच ती विझते.

पाचवा भाग खरोखर दाखवायचा असेल तर लोखंड गंजवा. बारीक स्टील वूल व्हिनेगरमध्ये मिनिटभर बुडवून नीट झटकायचं, परीक्षानळीच्या तळाशी कोंबायचं आणि नळी पाण्यात पालथी उभी करून ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी चढतं आणि पाचव्या भागाच्या आसपास थांबतं. मग कितीही दिवस ठेवा, पुढे जात नाही. तो थांबा बघण्यासारखा आहे. भांडी घासायची चकचकीत घासणी मात्र चालत नाही, ती बहुतेक स्टेनलेसची असते आणि गंजत नाही. ओली करून रात्रभर ठेवा, तांबूस झाली तरच वापरा.

---

पोर्शन_बाकी

वाचायला छान वाटतं सर. पण परीक्षा तोंडावर आणि घटक बाकी, अशा वेळी एका लोलकावर अख्खा तास घालवायचा? वरून विचारणा होते ती पोर्शन झाला का याची, अंदाज लिहिला का याची नाही.

---

लोलक

रोज कोण सांगतंय? प्रत्येक घटकाला एक अशी कृती पुरते. तेवढंही जमत नसेल तर गट करू नका, दोरे वाटू नका. चौकटीला एकच लोलक टांगा, वर्गाने अंदाज लिहायचा, तुम्ही मोजायचं. दहा मिनिटं. कृती आखूड केली तरी चालेल, अंदाजाला हात लावू नका.

---

त्रिज्या

मी फक्त गणित शिकवते, म्हणून माझ्याकडून गणिताचं. पेनाचा नियम आवडला, उचलते.

दोन ए-फोर कागद घ्या. एक लांब बाजूने गुंडाळा, म्हणजे उंच आणि बारीक नळा होईल. दुसरा आडव्या बाजूने, बुटका आणि जाड. कडा एकावर एक चढवू नका, टोकाला टोक लावून चिकटपट्टी मारा. कोणत्यात जास्त मावेल? "कागद तोच, म्हणून सारखंच" हे उत्तर भरघोस येतं. काही जण उंचीला भुलतात.

आता बुटका नळा ताटात उभा करा, उंच नळा त्याच्या आत ठेवा आणि उंच नळा काठोकाठ मण्यांनी भरा. मग तो हळूच वर ओढून काढा. मणी खाली पसरतात आणि बुटका नळा भरतच नाही! बराच रिकामा राहतो. हे बघितल्यावर सूत्र मुलं स्वतः मागतात. कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटर. उंच नळ्याचं घनफळ साधारण १०४२ घन सेंटिमीटर, बुटक्याचं साधारण १४७४. त्रिज्येचा वर्ग होतो आणि उंचीचा होत नाही, एवढंच कारण, पण ते हाताला कळलेलं असतं.

आणि लोलक सर, १४७४ भागिले १०४२ करा. १.४१ येतं. तुमचे २१ भागिले १५ करा. १.४. दोन्हीकडे दोनाचं वर्गमूळ आहे. तुमच्याकडे लांबी निम्मी केल्यामुळे, माझ्याकडे ए-फोरच्या बाजूंचं गुणोत्तरच तेवढं असल्यामुळे (म्हणून तर तो मधोमध दुमडला तरी आकार तसाच राहतो). दोन्ही कृती एकाच आठवड्यात घेऊन मुलांच्या ते लक्षात येतं का, बघायचा मोह होतोय.

खोटी मापं लिहिण्यावरून आणखी एक. अर्ध्या वर्गाला नाणं १०० वेळा उडवून छापा-काटा लिहायला सांगा, उरलेल्या अर्ध्याला नाणं न उडवता मनाने १०० लिहायला सांगा. तुम्ही वर्गाबाहेर थांबा. परत येऊन वह्या चाळा आणि खोट्या ओळखून दाखवा. युक्ती सोपी आहे. खऱ्या उडवण्यात सलग सहा छापे किंवा सहा काटे कुठेतरी येण्याची शक्यता जवळपास ८० टक्के असते. मनाने लिहिणारे सलग चार झाले की घाबरून बदलतात. एखादी वही चुकेल, पण बहुतेक पकडाल. मग "बाईंना कसं कळलं?" या प्रश्नावर दोन तास सहज निघतात.

---

कंपासपेटी

सगळ्यांचे आभार. लोलक घेतला, सांगते.

अंदाज पेनने लिहायचा म्हटल्यावर पहिल्यांदा कुरकुर झाली. "चुकला तर?" चुकू दे म्हटलं. निम्म्याहून जास्त वह्यांत ३०. "शून्य" म्हणायची सवय लागायला वेळ लागला, मग त्यांना ते इतकं आवडलं की सगळे एका सुरात ओरडायला लागले आणि शेजारच्या वर्गातून निरोप आला.

बहुतेक गटांचे २१ आले, एका गटाचे २०. शेजारचा गट लगेच म्हणाला, "एक वाढवून टाका." यांनी ऐकलं नाही. पुन्हा मोजलं, पुन्हा २०. घड्याळवाला बदलला, तरी २०. मग त्यांच्यातल्या एकीने पट्टी काढली. त्यांनी ५० सेंटिमीटर मोजले होते ते फासाच्या गाठीपर्यंत, आणि फास इतका लांब ठेवला होता की नट त्याच्या पाच सेंटिमीटर खाली. म्हणजे त्यांचा लोलक ५५ चा. दोरा आखूड केला, २१ आले. त्यांच्या वहीत आता दोन्ही आकडे आहेत, दोन्ही लांबींसकट, आणि मी दोन्हीला बरोबरची खूण केली.

मेणबत्ती पुढच्या आठवड्यात, तीनसकट. पोर्शन_बाकी, तुमची अडचण माझीही आहे. दुसऱ्या तुकडीत दहा मिनिटांची आवृत्ती केली. तिथे मजा कमी आली, पण दुसऱ्या दिवशी विचारल्यावर "निम्म्याने नाही होत बाई, चौथाई लागतो" हे तिथेही आलं.

एक अडचण उरली. ११ सेंटिमीटरचा लोलक इतका भरभर हलतो की मोजणाऱ्या दोघांचं कधीच जुळत नाही. एकाचे ४१, दुसऱ्याचे ४६. काय करू?

---

लोलक

५५ चे २०! हिशेबाने २०.२ येतात. त्या गटाला कळवा.

छोट्या लोलकाला तोंडाने मोजूच नका, जीभ मागे पडते. मोजणाऱ्याने कागदावर पेन्सिल धरायची आणि नट आपल्याकडे आला की एक ठिपका. ३० सेकंद झाले की ठिपके मोजा. पहिला ठिपका मात्र सोडताना नाही, परत आल्यावर. ओढायचाही फार नाही, दोन बोटं पुरेत. जास्त ओढलात तर झोक्याला वेळही जास्त लागतो आणि आकडा खाली येतो.

आणि नट बदला. एक मीटरमध्ये सेंटिमीटरभर इकडेतिकडे झालं तर झोक्यांत फरक दिसतसुद्धा नाही. ११ मध्ये तेवढंच चुकलं, १२ झाले, की ४५ चे ४३ होतात. मोठ्या नटाचा मध्य डोळ्याने धरणं कठीण, छोटा वॉशर लावा. मोजायचं ते वॉशरच्या भोकाच्या मध्यापर्यंत.